अर्ध्या दिवसाचं काम

मंगळवार, दुपार
डायलिसिसच्या हॉलबाहेरच्या बाकड्यावरून

ताई, तुम्हाला वहिनीचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं असं समजा. तुमची सगळी पत्रं पोचली. एकाचंही उत्तर दिलं नाही म्हणून तुम्ही रागावलात, आणि रागावणारच. फोनवर मी नुसतं "हं, हं" करून फोन तुमच्या भावाच्या हातात देते, तेही तुमच्या लक्षात आलंय. तुमच्या नजरेतून काय सुटतं म्हणा. पण आमच्या दोन खोल्या, मधली भिंत नावापुरती. फोनवर मी काय बोलणार? म्हणून हे पत्र, तेही त्याच्या नकळत.

तो आत आहे. हाताला सुया लावून झाल्या, मशीन सुरू झालं. अंगावर तुम्ही दिलेली निळी शाल आहे. तिथे एसी असा सोडतात की ताप माणसांना नाही, मशीनला आलाय असं वाटावं. शेजारच्या खुर्चीवरचे आजोबा दर वेळी त्याला तोच विनोद सांगतात आणि हा दर वेळी हसतो. आजही हसला. निदान एवढं तरी तुम्हाला चांगलं लिहिता आलं.

पाण्याचं त्याचं अजून तसंच. दिवसभराचं पाणी सकाळीच एका बाटलीत काढून ठेवायचं, आणि फारच तहान लागली तर बर्फाचा खडा तोंडात धरून बसायचं. आमचं भांडण झालं की मात्र ती बाटली माझ्यापुढे सरकवतो आणि म्हणतो, "घे, घसा कोरडा पडला असेल तुझा." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, तुम्हीच सांगा. लहानपणी तुम्ही कसं जमवत होतात?

मागच्या पत्रात तुम्ही लिहिलंत, "वहिनी, तुला माझे उपकार नको आहेत, म्हणून तू ऑपरेशनची तारीख लपवते आहेस." ताई, ते वाचून मी पत्र गॅसजवळ नेलं होतं. मग परत आणून घडी घालून ठेवलं. उपकार कसले? तुम्ही काय वाटीभर साखर देत होतात? स्वतःची किडनी काढून द्यायला निघालात. माणूस सर्दी झाली तर रजा घ्यायला का-कू करतो, आणि तुम्ही या वयात मीठ सोडलंत, सकाळी चालायला लागलात, डॉक्टरांनी सांगितलं तेवढं वजन उतरवून दाखवलंत. तपासण्या जुळल्या त्या दिवशी तुम्ही फोनवर एवढ्या मोठ्यानं ओरडलात की फोन कानाला लावायची गरजच नव्हती. हा, तुमचा छोट्या, ऐकत होता. नंतर कितीतरी वेळ खिडकीशी माझ्याकडे पाठ करून उभा होता.

तुमच्या छोट्यानं तुम्हाला सांगितलं की त्याला इन्फेक्शन झालं म्हणून ऑपरेशन पुढे ढकललं. ताई, त्याला इन्फेक्शन नाही. कधीच नव्हतं.

विमा बंद झालाय.

कसा बंद झाला ते फार किचकट आहे. मी कुरिअर कंपनीच्या तक्रार विभागात दिवसभर लोकांना "नियमच आहे, मी काय करू" सांगणारी बाई, तरी मला ते समजायला वेळ लागला. त्यात तुम्ही डोकं घालू नका असं लिहून मी इथेच पत्र संपवणार होते. आत जाऊन त्याची शाल सारखी केली, सिस्टर "नातेवाइकांनी बाहेर" म्हणाल्या, परत बाकड्यावर आले. नाही संपवत.

तुमच्या काल आलेल्या पत्रात लिहिलंय की पुढच्या आठवड्यात तुम्ही कुणाला न विचारता सरळ हॉस्पिटलात येऊन उभ्या राहणार, आणि विम्याच्या काउंटरवर जाऊन जाब विचारणार. तुम्ही येणार म्हटलं की येणार, ते मला माहीत आहे. त्या काउंटरवरची बाई वाईट नाही. पण ती पडद्यावर जे दिसतं ते जसंच्या तसं वाचून दाखवते, आणि मागे रांग असते. तिथे, परक्यांच्या देखत, तुम्हाला ते ऐकावं लागू नये. त्यापेक्षा माझ्याकडून ऐका.

याचा विमा त्याच्या सुतारकामाच्या कारखान्यातून होता. तो विमा फक्त पूर्णवेळ कामगारांना मिळतो. आणि छोट्या पूर्णवेळ राहिला नव्हता.

इथे तुम्ही वाचायच्या थांबल्या असाल. मीही काउंटरवर इथेच थांबले होते.

तुम्ही त्या वेळी आमच्याकडे आला होतात. तपासण्यांचा निकाल आला होता, विम्यानं ऑपरेशन मंजूर केल्याचं पत्र आलं होतं, आणि तुम्ही भावाला डोळे भरून बघायला म्हणून आला होतात. तो कामावरून घरी येताना जिन्याच्या प्रत्येक वळणावर बसतो, हे तुम्ही गॅलरीतून पाहिलंत. मला काही बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी चप्पल घातलीत आणि थेट त्याच्या मालकापुढे जाऊन उभ्या राहिलात. म्हणालात, "माझ्या भावाला ऑपरेशनपर्यंत अर्धा दिवस काम द्या. तो स्वतः कधी मागणार नाही, म्हणून मी मागते."

मालक खजील झाले. आम्हाला हे आधी कसं सुचलं नाही म्हणाले. आणि काम अर्धा दिवस करून पगार पुरा ठेवला. आहे का असा मालक कुठे? त्याआधी कारखान्यातली माणसं काय करायची माहीत आहे? हा डायलिसिसहून उशिरा यायचा, तोवर त्याच्या वाट्याच्या फळ्या रंधा मारून त्याच्या बाकावर रचून ठेवलेल्या असायच्या. हा नुसता शेवटचा हात फिरवायचा. कुणी कधी बोलून दाखवलं नाही. कागदावर तो पूर्णवेळच होता. तुम्ही त्याला त्या ओशाळेपणातून सोडवलंत. त्या संध्याकाळी मी तुम्हाला मिठी मारली होती, आठवतं? तो आल्यावर मी त्याला म्हटलं, "घ्या, बहिणीनं काम केलं, बायको नुसती बघत बसली." तिघंही हसलो. पोट धरून हसलो.

मालकांनी दर महिन्याप्रमाणे विमा कंपनीला कामाचे तास कळवले. प्रामाणिकपणे अर्धे तास कळवले. त्यांना काय ठाऊक. ताई, तो मालक थोडा लबाड असता तर बरं झालं असतं हो.

ऑपरेशनच्या आधी भरती व्हायला गेलो, तुम्ही दोन दिवसांनी येणार होतात. बॅग माझ्या हातात होती. काउंटरवरच्या बाईनं पडद्यावर पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि म्हणाली, "यांचं नाव विम्यातून निघालंय. अर्धवेळ." मी म्हटलं, कुणी काढलं? ती म्हणाली, "कुणी नाही काढलं, तास कमी झाले की आपोआप निघतं." कुणी काढलंच नाही तर परत कोण घालणार? मी तिच्याशी जे भांडले ते सांगत नाही. तुमचा भाऊ मागे उभा राहून म्हणत होता, "चल, बाई तरी काय करणार, चल." बॅग त्यानंच उचलली. सुया लावतात त्या हातानं जड काही उचलायचं नाही, त्यानं त्याच हातानं उचलली.

मालक कळल्याबरोबर धावत आले. दुसऱ्याच दिवशी त्याला पुन्हा पूर्णवेळ लावलं. पण एकदा खंड पडला की विम्याच्या लेखी माणूस नवा, आणि नव्या माणसाला जुना आजार असेल तर त्या आजाराला काही वर्षं काहीच मिळत नाही. डॉक्टरांना विचारलं, तेवढी वर्षं थांबता येईल का? डॉक्टर चष्मा पुसत बसले. आम्ही अर्ज केला, मग अर्जावर अर्ज केला. मालकांनी स्वतः जाऊन आवाज चढवला. उत्तरं आली ती सगळी माझ्या ओळखीची. "आपल्या भावना आम्ही समजू शकतो." हे वाक्य मी रोज लोकांना ऐकवते, हरवलेल्या पार्सलांबद्दल. आता ते तोंडून निघत नाही. परवा एका गिऱ्हाइकाला मी नुसतंच म्हटलं, "तुमचं पार्सल मिळणार नाही, वाट बघू नका." साहेबांनी समज दिली.

पैशाचं काही लिहू नका, ताई. घर विकायचं तर मनातही आणू नका. ऑपरेशन, आणि मग जन्मभराच्या गोळ्या, हे आपल्या दोन्ही घरांच्या पलीकडचं आहे. मी सगळं करून बघितलंय. डायलिसिसही हवं तेवढं होत नाही आता. आठवड्याला तीनदा होतं ते दोनदा झालं, आणि या महिन्यापासून एकदाच. पाय सुजलेले असतात. झोपताना त्याला आडवं होता येत नाही, उशांना टेकून बसतो. कामावर जात नाही. मागच्या वेळी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, जवळच्या माणसांना भेटून घेऊ दे.

तुम्हाला सांगायचं नाही म्हणून त्यानं मला शपथ घातली. म्हणाला, "ताई हे ऐकून जगायची नाही." मी पाळली. पण खरं सांगते, मी शपथ पाळत होते आणि मनातून तुमच्यावर चिडलेली होते. कोणी सांगितलं होतं तुम्हाला मालकाकडे जायला? दोन दिवस येता, आणि घर हलवून जाता. हे मी भांडी घासताना म्हणायचे, नळ सोडून, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून. तुमची पत्रं आली की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. चांगली वहिनी असते तर हे लिहिलं नसतं, पण तुम्हाला मी चांगली वाटावी एवढं बळ आता माझ्यात नाही.

मग एक दिवस त्याला स्टूल पुसताना पाहिलं. त्या स्टुलाचं तुम्हाला माहीत नाही. तुम्ही इथे होतात तेव्हा तो तुम्हाला सारखा वेगवेगळ्या फळ्यांवर बसायला लावत होता ना, आणि तुम्ही म्हणत होतात, "काय हा पोरखेळ, छोट्या"? तो तुमचं माप घेत होता. ऑपरेशननंतर तुमच्या पोटाला टाके असणार, बसता-उठताना वाकायला लागू नये, म्हणून तुमच्या उंचीचं स्टूल करायचं होतं. हातांना आधार आहे, कडा गोल केल्यात. अर्ध्या दिवसाच्या कामामुळे त्याला जो अर्धा दिवस मोकळा मिळाला, त्यात त्यानं ते केलं. खूप खुशीत होता हो तेव्हा. शीळ घालायचा. लग्नाच्या आधी ऐकली होती ती शीळ.

अजून ते खाटेशी ठेवलंय. कुणाला बसू देत नाही, मलाही नाही. परवा ते पुसता पुसता म्हणाला, "माझे सगळ्यात चांगले दिवस ताईनं मिळवून दिले." मी नळ सोडला, पण काही म्हणता आलं नाही.

तर ताई, या. पुढच्या आठवड्याची वाट बघू नका, पत्र मिळाल्याबरोबर निघा. काउंटरवर जाऊ नका, मालकांकडे जाऊ नका, ते तुम्हाला बघून रडतील. सरळ घरी या. तो तुम्हाला सांगेल की इन्फेक्शन आहे, जरा उतरलं की ऑपरेशन करू. तुमच्याकडे न बघता सांगेल, त्याला खोटं बोलता येत नाही. तुम्ही मान हलवा. "बरं, उतरू दे," म्हणा. तुम्हाला हे जमणार नाही असं वाटेल, पण जमवा. त्याच्याजवळ तुम्हाला द्यायला आता एवढंच उरलंय, ते त्याच्याकडून काढून घेऊ नका. रडायचं ते वाटेत रडून या. उरलं तर स्वयंपाकघरात मी नळ सोडून देईन, दोघींचं होईल.

आणि तो स्टूल पुढे सरकवेल. नको म्हणू नका, बसा. तुमचे पाय जमिनीला नीट टेकतात की नाही हे तो बघत असेल.

आतून मशीनची घंटा वाजली, त्याचं झालं असणार. बाहेर येताना जरा डोलतो, हात द्यावा लागतो. थांबते.

तुमच्यावर रागावून संपलेली, आणि तुमच्याशिवाय आता ज्याच्याजवळ बसायला दुसरं कुणी नाही त्याची बायको,
तुमची वहिनी