‘नाही’च्या चौकटीतली फुली

शनि. ५ एप्रिल १९८६. सकाळी ११ वाजून १० मि.

वेळ मुद्दाम लिहिते. लायब्ररीतल्या घड्याळात पाहून घेतली, म्हणजे पुढे कुणी नाकारायला नको.

माधवी साठे पाकीट घेऊन माझ्या टेबलाशी आली. जाड पाकीट, म्हणजे प्रवेश मिळाला. मुलं जाडीवरूनच ओळखतात. दोन वर्षं दर शनिवारी इथे बसून आपल्या मराठी मुलांना खाजगी कॉलेजांची माहितीपत्रकं दाखवते, कुठे काय शिकवतात, किती खर्च येतो ते समजावते. त्यातली ही सर्वांत हुशार. वर्गात दुसरी.

पहिल्या कागदावर अभिनंदन. दुसऱ्यावर फी, खोली, जेवण, पुस्तकं. त्याखाली एक ओळ: आपण आर्थिक साहाय्यासाठी अर्ज केला नसल्याने त्या दृष्टीने विचार झालेला नाही.

एक सेंटही नाही. अशा मुलीला.

“इट्स ओके, मावशी. आय कॅन गो टु काउंटी.” दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत होती.

काउंटी कॉलेज, म्हणजे इथलं स्वस्त सरकारी, वाईट असतं असं नाही. पण हिने या कॉलेजच्या जीवशास्त्र विभागाचं पान इतक्यांदा उघडलं की माहितीपत्रकाची शिवण सुटली. मी म्हटलं, तू काही कळवू नकोस. मी बघते त्यांच्याकडे.

रवि. ६ एप्रिल

पत्राचा मसुदा, अडीच पानं. अजितला वाचून दाखवला.

“आई, तू त्यांना लुटारू म्हणते आहेस.”

“मग काय म्हणू? गुणवत्ता दिसत नाही त्यांना?”

“पाठवायच्या आधी तिच्या अर्जाची कॉपी बघ. तू ठेवतेस ना सगळ्यांच्या?”

ठेवते. निळ्या फायलीत. पण आज बघितली नाही. सूनबाईला मटार सोलून दिले. दोन पौंड मटार, आणि सगळा वेळ मनात वाक्यं जुळवत होते. चांगली जुळली होती.

सोम. ७ एप्रिल

फाईल काढली.

तिसरं पान. ‘आर्थिक साहाय्यासाठी अर्ज करणार आहात का?’ दोन चौकटी. ‘नाही’मध्ये फुली. ती माझी आहे. माझ्या फुलीची डावी टांग लांब असते. एकतीस वर्षं शाळेत चुकीच्या उत्तरांवर हीच मारत आले.

सगळं आठवलं. डिसेंबरचा शनिवार. माधवीचं पेन ‘हो’वर टेकलेलं. मी ते तिच्या हातातून घेतलं. म्हणाले, “आपण मागणाऱ्यांतले नाही. मार्क आहेत ना तुझे? मग स्कॉलरशिप आपोआप येते.”

तिची आई शेजारी उभी होती. म्हणाली, “मावशी, ह्यांचं जरा...”

मी म्हटलं, “त्यांना फक्त सही करायला सांगा.”

मसुदा फाडला.

मंगळ. ८ एप्रिल

कॉलेजला फोन. पलीकडे तरुण मुलगी, फार सभ्य. त्यामुळे जास्तच लागलं. म्हणाली, मार्कांची वेगळी स्कॉलरशिप आमच्याकडे नाही. इथे येणाऱ्या सगळ्यांनाच मार्क असतात. जे काही मिळतं ते घरची परिस्थिती पाहून, आणि ती कळण्यासाठी तो फॉर्म. मुदत फेब्रुवारीत संपली.

म्हणजे मी नागपूर डोक्यात घेऊन बसले होते. तिथे हुशारांना स्कॉलरशिप, गरिबांना फ्रीशिप. एक मिरवायची, दुसरी लपवायची. इथे तसे दोन दरवाजे नाहीतच, हे मी दोन वर्षांत कुणाला विचारलं नाही. छातीठोक सांगत मात्र राहिले.

शेवटी तिने विचारलं, “मॅम, हा सल्ला तिला कुणी दिला?”

मी म्हणाले, “अ फॅमिली फ्रेंड.”

मॉरल सायन्स शिकवायचे मी.

गुरु. १० एप्रिल

साठ्यांकडे गेले, कबूल करायलाच. दुपारी तीनला दार साठ्यांनीच उघडलं. घरात, स्वेटरमध्ये. मी म्हटलं, आज सुट्टी? तर म्हणाले, “गुरुवारी दुकान मला सुट्टी देतं.”

दुकान?

ऑगस्टमध्ये कंपनीने काढलं. बारा वर्षं ड्राफ्ट्समन होते. आता आयसेलिनला साड्यांच्या दुकानात. आपल्या मराठी मंडळात कुणाला माहीत नाही. गणपतीत वर्गणी नेहमीइतकीच दिली.

बायको चहा घेऊन आली. “मावशी, मी तेव्हा सांगणार होते.” कुणी अडवलं ते तिने म्हटलं नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

मी सुरुवात केली, “साठे, ती फुली...” ते मध्येच म्हणाले, “तुम्ही पोरीसाठी एवढे शनिवार घातलेत. तुमचे उपकार आहेत.”

फुलीचं राहूनच गेलं. शिरा केला होता. खाल्ला. आणखी घ्या म्हणाली. घेतला.

घरी येईपर्यंत तोंडात तूप होतं.

शनि. १२ एप्रिल

लायब्ररी. पुढच्या वर्षीच्या दोन मुलांच्या आया आधीच येऊन बसलेल्या. त्यांना सांगितलं, फॉर्म प्रत्येकाने भरायचा, मी आजवर चुकीचं सांगत होते. एक म्हणाली, “अहो, पण लोकांना वाटेल आपल्याला गरज आहे.” माझंच वाक्य, माझ्याच सुरात. मी म्हटलं, असेल तर वाटू दे. ती जरा दुखावली.

मग माधवी. तिला कोपऱ्यात नेऊन झेरॉक्स दाखवली. म्हटलं, ही फुली माझी.

“आय नो. आय वॉज देअर.”

“मग तेव्हा बोलली का नाहीस?”

“पेन तुमच्याकडे होतं, मावशी.”

उद्धटपणे नव्हे. जे होतं ते सांगितलं.

मग मी तिला ते सांगितलं, जे ह्यांनाही शेवटपर्यंत सांगितलं नाही. कॉन्व्हेंटात मी फ्रीशिपवर होते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सिस्टर वर्गात यादी वाचायच्या आणि आम्ही फुकट शिकणाऱ्या मुलींनी उभं राहायचं. वर्गात चौघी. आठ वर्षं उभी राहिले. पुढे जन्मभर चारचौघांत असं वागले की जणू बाबा वकील होते. ते कोर्टात शिपाई होते.

माधवीने ऐकून घेतलं. मग विचारलं, “बट यू गॉट टु गो, राइट?”

“कुठे?”

“स्कूल.”

“हो. गेले की.”

“वेल, देन.” एवढंच. आणि माझ्याकडे बघत राहिली. या वयाच्या मुलींनी असं बघू नये.

रवि. १३ एप्रिल

साठ्यांकडे पुन्हा. या वेळी चहाला नाही म्हटलं, आधी बोलले. फुली कुणाची, का, मुदत कधी गेली, सगळं. फोनवरचं खोटंही.

साठ्यांनी टेबलावरच्या प्लॅस्टिकची घडी सरळ केली. मग म्हणाले, “मावशी, खरं सांगू? मला ती ‘नाही’ बघून बरंच वाटलं होतं. म्हटलं, सुटलो. कागद दाखवायला नकोत.”

बायको म्हणाली, “म्हणजे दोघांनी मिळून माझ्या पोरीचं...” वाक्य सोडून आत गेली. भांड्यांचा आवाज.

माधवी खुर्ची ओढून बसली आणि तिने साहाय्याचा तो फॉर्म पुढे केला, मुदत गेली तरी पाठवायचा म्हणून. व्यवसायाच्या ओळीवर साठ्यांचं पेन थांबलं. मी हात पदराखाली धरून बसले होते. मग त्यांनी लिहिलं: सेल्समन. खाली सही. बारा वर्षं नकाशे काढलेल्या माणसाचं अक्षर, छापल्यासारखं.

सोम. १४ एप्रिल

पत्र पूर्ण. एक पान. अजित म्हणाला, “आई, टोन.” मी म्हटलं, टोन राहील, लुटारू काढला आहे.

उद्या सकाळी रजिस्टर्ड टपालाने. नक्कल इथे, मराठीत:

‘कु. माधवी साठे हिच्या अर्जातील “नाही” ही खूण तिची नव्हे, तिच्या पालकांचीही नव्हे. ती मी केली. मंगळवार दि. ८ एप्रिल रोजी तुमच्या कार्यालयाला मी हा सल्ला कुटुंबाच्या एका मित्राचा असल्याचे सांगितले. तो सल्ला देणारी मीच. माझ्या अज्ञानाची आणि गर्वाची शिक्षा सतरा वर्षांच्या मुलीला देण्याचा अधिकार मला नव्हता, तुम्हालाही नाही. मुदत गेली हे मला माहीत आहे. ते पुन्हा कळवू नये. भरलेला फॉर्म व वडिलांची कागदपत्रे सोबत आहेत. ती उघडून वाचावीत आणि तिच्या साहाय्याचा नव्याने विचार करावा.

तिला १ मेपर्यंत होकार वा नकार द्यायचा आहे. म्हणून तुमचे उत्तर, जे असेल ते, शुक्रवार दि. २५ एप्रिल १९८६ रोजी सायंकाळी पाचच्या आत तिच्या पत्त्यावर पोहोचावे. फोनवर नको. लेखी, आणि खाली सही करणाऱ्याचे पूर्ण नाव असावे. माझे मी लिहिले आहे.’