व्हर्नाच्या अभिप्रायाबद्दल

१९ फेब्रुवारी, मंगळवार

नॅशनल पार्काकडून व्हर्नाला पत्र आलं. व्हर्नाला! तिला जाऊन सत्तेचाळीस दिवस झाले.

आधी वाटलं, नोकरीचं काही राहिलं असेल. चौदा हिवाळे ती पार्काच्या पश्चिम गेटवर खिडकीत बसून पास देत होती. तिचा सरकारी कोट मी परत नेऊन दिला, टोपी दिली, पोच घेतली. आता काय उरलं? दारातच उभ्यानं पाकीट फोडलं. आत चार छापील ओळी. हिवाळ्यात पार्कात स्नोमोबाईल चालू ठेवाव्यात की बंद कराव्यात, याबद्दल आपण पाठवलेल्या अभिप्रायाबद्दल आभार. आपलं पत्र नोंदवून घेतलं आहे. खाली नोंदीचा क्रमांक.

कसला अभिप्राय? कधी लिहिला? माझ्याशी एका शब्दानं बोलली नाही.

दुकानात जाऊन लायलला दाखवलं. बर्फावर पळणाऱ्या असल्या बत्तीस गाड्या भाड्यानं देतो आम्ही दोघे भाऊ. तो गिऱ्हाईकं बघतो, मी इंजिनं. पार्कात गाड्या बंद तर दुकान बंद. लायलनं पत्र दोनदा वाचलं आणि टेबलावर हात आपटला.

"दादा, हा गाड्या बंद पाडायला टपलेल्या त्या झाडवाल्यांचा डाव आहे! वहिनीच्या नावानं स्वतःच लिहून पाठवलं हरामखोरांनी. मेलेल्या बाईच्या नावानं!"

मी काही बोललो नाही. तिथेच बोलायला हवं होतं.

२० फेब्रुवारी, बुधवार

गावभर झालं! सकाळी नोरीनच्या हॉटेलात गेलो तर सगळ्यांनी माना वळवल्या. नोरीननं न मागता ॲपल-पायचा तुकडा पुढे ठेवला. "काय माणसं आहेत रे ऑर्विन! मेलेल्यांनाही सोडत नाहीत."

कोपऱ्यातून म्हातारा गस म्हणाला, "माझ्या बापानंही वरून काही लिहिलंय का बघा. जिवंतपणी तर त्यानं मला वाढदिवसाचं कार्डसुद्धा लिहिलं नाही." सगळे हसले. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि कप तोंडाला लावला.

मंगळवारी शाळेच्या जिममध्ये जनसुनावणी आहे. ज्याला बोलायचंय त्यानं नाव द्यायचं, प्रत्येकाला तीन मिनिटं. लायलनं माझं नाव देऊनही टाकलं!

"तू फक्त एवढंच म्हण, की ते पत्र माझ्या बायकोचं नाही. बस. बाकी आम्ही बघतो."

मी आयुष्यात माईकसमोर उभा राहिलेलो नाही.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

दिवसभरात एकच कार्बोरेटर साफ केला. चार वेळा.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

लोकांनी पाठवलेल्या सगळ्या पत्रांच्या नकला पार्कानं आमच्या वाचनालयात ठेवल्यात, कुणालाही बघता येतात. हे मला पेपरातून कळलं. मिसेस पेल्कींना क्रमांक दाखवला. त्यांनी जाडजूड फाईल आणून समोर ठेवली आणि पलीकडे जाऊन बसल्या.

म्हटलं, खोटं पत्र एकदा डोळ्यांनी बघावं. पान उघडलं.

व्हर्नाचं अक्षर.

'ट'चा तो लांब दांडा नसता तरी ओळखलं असतं. तारीख ख्रिसमसनंतरच्या गुरुवारची. म्हणजे जायच्या आठवडाभर आधी! त्या दिवशी मी काय करत होतो? दुकानात असणार.

तिनं लिहिलंय ते इथे उतरवून ठेवतो. डोक्यातून जाणार नाही, तरीही.

'मी पश्चिम गेटवर काम करते. सकाळी गाड्यांची रांग लागते तेव्हा धूर खिडकीतून आत येतो आणि दहा वाजेपर्यंत माझं डोकं धरतं. पण त्यासाठी मी लिहीत नाही. परवा नदीपाशी एक बायसन रस्त्यात सापडला होता. पुढून गाड्या, मागून गाड्या. तो पळाला नाही, धावून गेला नाही. नुसता थरथरत उभा राहिला. त्या बर्फात त्याची ताकद अशी वाया जाताना मला बघवेना. आमचं घर याच गाड्यांवर चालतं. माझा नवरा त्या दुरुस्त करतो आणि त्याच्यासारखा हात या भागात कुणाचा नाही. तरीही त्या बंद कराव्यात, असं माझं मत आहे. त्याला हे सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून तुम्हाला सांगते.'

फाईल मिटली. मिसेस पेल्कींनी विचारलं, "पाणी देऊ?" मी नको म्हणालो. मग उठताच येईना, तेव्हा मागितलं.

२३ फेब्रुवारी, शनिवार

म्हणून तुम्हाला सांगते!

तीस वर्षं एका टेबलावर जेवलो. मी घरी यायचो तेव्हा कानात इंजिन घुमत असायचं. ती काहीतरी म्हणायची. मी 'हं' म्हणायचो.

मी तिच्यावर कधी आवाज चढवला नाही. हात तर दूरच. मग हिंमत कशाची झाली नाही?

२४ फेब्रुवारी, रविवार

चर्चहून परतताना लायलच्या ट्रकमध्येच सांगून टाकलं.

"अक्षर नक्की वहिनीचंच?"

"हो."

त्यानं ट्रक कडेला घेतला.

"मला हिवाळाभर रोज डबा द्यायची, दादा. त्याच खिडकीतून! माझ्या पोरांचे मोजे विणायची. आणि आमच्याच पोटावर—" मग एकदम ओरडला, "मग गप्प बस ना! तुला काय अवघड आहे? जन्मभर तेच करत आलास!"

मी म्हटलं, लोक तिला खोट्यात ओढतायत.

"ती गेली, दादा. मी आहे. पोरं आहेत. तू उभा राहून 'पत्र तिचंच' म्हणालास, तर दुकान पार्कानं नाही, तू मारलंस. लक्षात ठेव."

घरापर्यंत आणून सोडलं. दार मी लावायच्या आत निघून गेला.

२५ फेब्रुवारी, सोमवार

न जाण्याचंही ठरवून पाहिलं. जमलं नाही.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

जिम खचाखच. आमची माणसं डावीकडे, सगळी दुकानाच्या जाकिटांत. बाहेरून आलेली, गाड्या बंद करा म्हणणारी, उजवीकडे. माझा नंबर एकोणिसावा. माझ्या आधीचा माणूस बोलत असतानाच आमच्यातला एक ओरडला, "थांबा जरा, ऑर्विनला येऊ द्या! मग बघू तुमची तोंडं!" टाळ्या, शिट्ट्या. लायल पहिल्या रांगेत खाली बघत बसलेला.

माईक माझ्यासाठी फार खाली होता. तो वर करावा हे सुचलं नाही, वाकूनच बोललो.

"मी ऑर्विन ट्वेड. व्हर्ना माझी बायको. पत्र खोटं नाही. ते तिनंच लिहिलंय. मी स्वतः पाहिलं."

एवढंच. तीन मिनिटं मोजणारी बत्ती अजून हिरवीच होती.

डावीकडे कुणी हललं नाही. नोरीनचा हात तोंडावर. आणि उजवीकडून टाळ्या सुरू झाल्या! माणसं उभी राहिली! मला इतकी शरम कधी वाटली नव्हती. मी माईककडे परत वळून म्हणालो, "टाळ्या नकोत. मी तुमच्या बाजूनं बोललो नाही." पण ते कुणाला ऐकू गेलं नसावं.

लायल माझ्याआधी निघून गेला होता.

२८ फेब्रुवारी, गुरुवार

नोरीननं कॉफी ठेवली आणि लगेच पाठ फिरवली. गस माझ्या टेबलावर येऊन बसला, एवढंच.

दुकानात लायल माझ्याशी चिठ्ठीनं बोलतो. 'सात नंबरचा पट्टा तुटलाय.' मी पट्टा बदलतो.

बोझमन शहरातून एका मुलीचा फोन आला, झाडवाल्यांच्या संस्थेतून. व्हर्नाचं पत्र पत्रकात छापायचंय म्हणे, फोटोसकट. "फार धीराची बाई होती हो तुमची!"

तिला काय माहीत? मलाच माहीत नव्हतं.

नाही म्हणालो. तिनं कारण विचारलं. मी फोन ठेवला.

१ मार्च, शुक्रवार

जेवताना आज मोठ्यानं विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" आपलाच आवाज ऐकून दचकलो.

२ मार्च, शनिवार

मिसेस पेल्कींचा फोन. "ऑर्विन, त्या दिवशी तुम्ही फाईल घाईनं मिटलीत. पुढचं पान तुमचंच आहे की!"

मी पार्काला कधी पत्र लिहिलेलं नाही.

जाऊन पाहिलं. तीच तारीख, खाली माझं नाव. गाड्या बंद करू नका म्हणून लिहिलंय. दुकान, लायलची पोरं, हिवाळ्यात ओस पडणारं गाव, सगळं आहे त्यात. मला कधीच असं मांडता आलं नसतं. शेवटची ओळ: 'मी बोलणारा माणूस नाही, पण माझंही म्हणणं तुमच्यापर्यंत पोचावं.'

अक्षर व्हर्नाचं.