मामाच्या जागी घोंगडं

रविवार, १६ फेब्रुवारी. जामनगर.

आज गावाकडं आक्काच्या पोराचं जावळ काढलं. मामाच्या मांडीवर बसवून काढतात ते, आणि सख्खा मामा मी एकटाच. आईला सांगितलं होतं, शेठ सुट्टी देत न्हाई. खोटं. सुट्टी होती. इथल्या पोरांबरोबर समुद्र बघायला गेलो. काय बघितलं? पाणीच की.

संध्याकाळी आईचा फोन आला. माझं जुनं घोंगडं आमच्या वडलांच्या, अण्णांच्या मांडीवर अंथरून त्याच्यावर पोराला बसवलं म्हणे. वैरागहून आलेल्या न्हाव्यानं विचारलं, "मामा कुटं हाय?" आई घोंगड्यावर थाप मारून म्हणाली, "ह्यो काय! ह्यो तरी ठेवला तितं ऱ्हातो." सगळी लई हसली म्हणे. मीपण हसलो.

वर्षात घरात किती झालं. बोरला पाणी लागलं, चुलत दादाचं लग्न झालं, हे पोर आलं. प्रत्येक वेळी मी फोनवर, "पुढच्या टायमाला नक्की येतो." पण जावळ एकदाच काढतात. त्याला पुढचा टाइम कुठला?

"रडला का गं?" मी विचारलं.

"न्हाई की. घोंगडं मुठीत धरून गप बसला."

तेव्हाच खरं सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात आईच म्हणाली, "त्याचं बारीक केस घोंगड्यात अडकल्यात. आक्का झाडाय निघाली, मी झाडू दिलं न्हाई. तुजा शेठ सोडंल तवा ये, तूच झाड."

मी नुसतं व्हय म्हणालो.