पेटीची सायकल

३ एप्रिल

तीर्थरूप ताईस,
सा. न. वि. वि.

आईला सांग, मी परदेशात येऊन भंगारवाला झालेलो नाही. कारखान्यातली नोकरी शाबूत आहे. सुट्टीच्या दिवशी फक्त जुन्या मालवाहू सायकली शोधत फिरतो. पुढे दोन चाकं, त्यांच्यावर लाकडी पेटी, मागे एक चाक. पूर्वी यांवरून पाव, दूध, धुतलेले कपडे घरोघरी जायचे. मध्यंतरी एका बंद लाँड्रीच्या मागे एक वेलींत अडकलेली मिळाली. इमारत पाडणारा मुकादम म्हणाला, न्या बाबा, आमची अडगळ गेली. गंज खरवडला, कुजलेल्या फळ्या बदलल्या, हिरवा रंग दिला. कोपऱ्यावरच्या फुलवालीला ती दुकानासाठी हवी आहे. ही जमली तर आणखी गिऱ्हाइकं आणीन म्हणते. तसं झालं तर नोकरी सोडून हेच करावं असं मनात घोळतंय. बोलू कुणाशी, म्हणून तुला लिहिलं.

दाजींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा धाकटा

१९ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

नोकरी सोडण्याचं वाचून तुझ्या दाजींनी चष्मा पुसून पत्र पुन्हा वाचलं. अक्षरं काही बदलली नाहीत. आई विचारते, तीन चाकं असली तर तिला सायकल का म्हणायचं. ते तूच तिला कळव. आधी ती फुलवालीच्या दारात उभी राहू दे, मग राजीनाम्याचं बोल. आणि जेवतोस ना वेळेवर? पत्रात फळ्या आणि रंग आहे, जेवण कुठेच नाही.

रागावले तरी तुझीच,
ताई

६ मे

तीर्थरूप ताईस,
सा. न. वि. वि.

डोकं चालेनासं झालंय. शनिवारी, मी सायकली दुरुस्त करतो त्या शेडच्या दारात एक म्हातारा आला. म्हणाला, मी त्या लाँड्रीचे कपडे घरोघरी पोचवायचो, ही माझी सायकल. पेटीखालच्या दांडीला जोड दिलेला आहे, बघा. बघितलं, तर होता. पण ताई, अशा प्रत्येक जुन्या सायकलीला तिथेच जोड असतो. तो बराच वेळ बोलत बसला आणि मग म्हणाला, एक चक्कर मारू द्या. मी दिली. तो वळणावरून गेला आणि आलाच नाही. संध्याकाळपर्यंत मी हातात पाना घेऊन उभा. चोराची वाट बघत होतो की मालकाची, तेच कळेना. फुलवाली रोज विचारते. मी रंग वाळतोय म्हणून सांगतो.

वेडा म्हण, पण परका करू नकोस.
धाकटा

२२ मे

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

इथे घरात फूट पडली आहे. दाजी म्हणतात पोलिसांत जा. आई म्हणते, चोर इतका वेळ गप्पा मारत बसत नाही. मला दोघांचं पटतं, म्हणून कुणाचंच पटत नाही. तू भोळा आहेस की शहाणा, हे मला लहानपणापासून कळलेलं नाही. फुलवालीशी मात्र खोटं बोलू नकोस.

काळजीत,
ताई

८ जून

तीर्थरूप ताईस,
सा. न. वि. वि.

सायकल दिसली. दवाखान्याच्या उतारावर म्हातारा ती ढकलत होता आणि पेटीत उशा लावून त्याची बायको बसली होती. तिच्या पायांत जोर नाही. मला बघून तो पळाला नाही, थांबला. म्हणाला, त्याच दिवशी परत आणणार होतो. हिला दाखवायला नेली, तर कित्येक महिने घराबाहेर न पडलेली ही, मला बसव म्हणाली. मग रोज उद्या देऊ, उद्या देऊ असं झालं.

उतारावर ब्रेक नीट लागत नव्हता, तेवढा खाली बसून आवळला. त्याने विचारलं, कधी न्यायला येता? मी म्हटलं, पावसात भिजू देऊ नका. सायकल खरंच त्याची होती का, हे विचारायचं राहूनच गेलं.

फुलवालीला सगळं खरं सांगितलं. तिने ऐकलं आणि ती गिऱ्हाइकाकडे वळली. तेव्हा राजीनामा खिशातच आहे. हातची सायकल घालवून आलो, तरी जिवाला बरं वाटतंय. असं का, ते तूच आईला विचारून कळव. त्या दिवशी उतारावर मी आणखी उभा राहिलो असतो, पण पेटीत बसलेल्या म्हाताऱ्याच्या बाईंनी फळीवर टकटक केलं. त्यांना पुढे जायचं होतं.

आहे तसाच आपला म्हण.
धाकटा