पोशीरच्या टीव्हीवर पाहिलेला शेवट

बाबा,

खेळाचा शेवट पाहिलास का, हे तुम्ही मला किती वर्षं विचारलंत. लग्न होऊन मी कळंबला गेले, तरी भिसेगावला माहेरी आले की पहिल्याच जेवणाला तुमचा तो प्रश्न ठरलेला आणि माझं ‘नाही’ही ठरलेलं. ते खोटं होतं. मी शेवट पाहिला होता, नववीत असताना, तुमच्याच दुकानात, पोशीरहून दुरुस्तीला आलेल्या टीव्हीवर.

दुरुस्त केलेला सेट तासभर चालवून पाहिल्याशिवाय तुम्ही दुकानाबाहेर जाऊ देत नसायचात. दुपारी टीव्हीवर बघण्यासारखं काही नसे, म्हणून तुम्ही जुना व्हिडिओ गेम आणलात आणि शाळा सुटल्यावर मला समोर बसवू लागलात. चित्र कडांकडून आत सरकून लहान झालं किंवा जळका वास आला की तुम्हाला हाक मारायची आणि बटण बंद करायचं, एवढंच माझं काम. घरातून हरवलेला एक पोरगा पिंपांवरून, खड्ड्यांवरून, वटवाघळांवरून उड्या मारत घरी निघालेला. मध्येच बंद केला की पुन्हा पहिल्यापासून. खोक्यावरचं चित्र बघून तुम्ही ओळखलंत, की हा खेळ तुम्ही लायब्ररीतून आणून वाचलेल्या जुन्या परदेशी कादंबरीवरून घेतलाय.

“पुस्तकात हा एकदाही उडी मारत नाही,” तुम्ही म्हणायचात. “मारू का नको, या विचारात दोनशे पानं घालवतो.”

“आणि वटवाघळं?”

“ती खेळवाल्यांच्या घरची.”

पण पुस्तकात तो घरी पोचतो तेव्हा बाप त्याला ओळखत नाही. ते तुम्हाला फार लागलं होतं. “या लोकांनी त्याला नीट घरी नेलं का, तेवढं बघ गं,” म्हणायचात. कोणी लिहिलेल्या पोरासाठी एवढा जीव टाकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्या दिवशी पोशीरच्या सेटवर मी पहिल्यांदाच शेवटच्या टप्प्यात पोचले होते. तुम्ही मागे दुसऱ्या सेटच्या तारांना सोल्डरचा डाग देत बसला होतात. चित्र दोन्ही बाजूंनी बोटभर आत आलं. मला दिसलं. हाक मारली असती तर बटण बंद करावं लागलं असतं. मी खेळत राहिले आणि तास भरल्यावर तुम्ही विचारलंत, “चित्र नीट होतं ना?” मी म्हणाले, “हो.”

दोन दिवसांनी सेटचे मालक, पोशीरचे काका, तो टेंपोत घालून परत आले. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली, तिला तेवढाच विरंगुळा.

“तुमी बोललात तासभर चालवला. माज्या घरी आर्ध्या तासात धूर आला. म्हातारी घाबरली ना वो. चालवलाच नाय तुमी.”

“चालवला. माझी पोरगी समोर बसली होती. ती नीट म्हणाली, म्हणजे नीट होता.”

“पोरीच्या बोलण्यावर सेट देता?”

“हिच्या देतो,” तुम्ही म्हणालात. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. मी वहीत डोकं घालून बसले. तुम्ही त्यांच्यासमोरच सेट उघडलात, आतला काळा पडलेला ट्रान्सफॉर्मर बराच वेळ बघितलात. म्हातारीसाठी दुकानातला आपला टीव्ही देऊन टाकलात. मी खोटं बोलले हे तुम्हाला कळलं होतं का, मला आजही ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला दुसरा सेट आला आणि त्याच्यासमोर तुम्ही मलाच बसवलंत. त्यापेक्षा कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं.

मग शेवट सांगणार कसा? कुठल्या सेटवर पाहिलास, हे तुम्ही लगेच विचारलं असतंत. परवा लेकीने तोच खेळ मोबाइलवर शोधून काढला. त्यात हवं तिथे थांबता येतं, दोन दिवसांत ती शेवटाला पोचली. “आई, बघ ना,” म्हणाली. मी भाजी लागेल म्हणून उठले. भाजी मी अजून टाकलीही नव्हती.

आता तुम्ही नाही, हे पत्र कुठेही जाणार नाही, तरी लिहिते. तो घरी पोचतो, बाबा. बाप दारातच उभा असतो, ओळखतो, आणि दोघं आत जातात. आणखी एक. तेव्हा चित्र आत येत होतं, सेट तापल्याचा वास येत होता, तुम्ही चार हातांवर होतात, आणि मला फार आनंद झाला होता.