सासूबाईंचा पाला, माझा फ्रिज

रविवार, १० मार्च

सासूबाईंच्या गावाहून आत्ताच परतलो. सोबत परातभर रेग्रात, कुरणात उगवणारा सॅलडचा कोवळा रानपाला. वजन केलं: ८७० ग्रॅम.

यंदा कुरण लवकर फुलणार. एकदा पिवळं फूल आलं की रेग्रातची पानं कडूजहर, म्हणून सासूबाईंनी आधीच कापून ठेवलं. वय चौऱ्याऐंशी, गुडघे कामातून गेलेले. दोन दुपारी स्टुलावर बसून सुरीने एकेक रोप मुळाशी कापलं म्हणे. हे त्यांच्या कुरणातलं शेवटचं. घर आणि कुरण विकून झालंय, आणि २ एप्रिलला त्या वृद्धाश्रमात जाणार. (आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. यावर चर्चा झालेली आहे.)

त्या म्हणाल्या, आजच खाऊ, हे टिकत नाही. मी म्हटलं, आजच्या आज संपवण्यात काय मजा? ईस्टरच्या सोमवारी सगळे मिळून खाऊ, वरून चर्चमधून आशीर्वाद घेऊन आलेली अंडी कापून घालू, रीतसर. त्यांनी विचारलं, तीन आठवडे? मी म्हटलं, आई, मी अठ्ठावीस वर्षं फ्रिज विकलेत.

त्या काही बोलल्या नाहीत. मी ती संमती धरली. बायको, डारिंका, ल्युब्लियानाला घरी येईपर्यंत गाडीत काही बोलली नाही. तीही संमतीच.

सोमवार, ११ मार्च. सकाळी ७

यंत्रणा सुरू. पानं ओल्या पंच्यात गुंडाळून खालच्या ड्रॉवरमध्ये. खिडकीबाहेरचा थर्मामीटर काढून फ्रिजमध्ये लावला. बाहेर थंडी किती हे आता कळत नाही, पण बाहेर आपण काही ठेवलेलंही नाही. दिवसातून दोनदा इस्त्रीच्या स्प्रेने पाणी मारायचं.

दार दिवसातून चारदाच उघडायचं असा नियम केला. डारिंकाने विचारलं, मग कॉफीला दूध? मी म्हटलं, प्लॅनिंग कर. तिने तिच्या आईची पद्धत सांगितली: कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळायचं आणि विसरून जायचं. मी हसलो. जुन्या लोकांचं बरं असतं.

गुरुवार, १४ मार्च

वजन ९०५ ग्रॅम. वाढलं! दोनदा तोलून खात्री केली. मी विकलेल्या एकाही फ्रिजमध्ये भाजीचं वजन वाढल्याचं ऐकिवात नाही. लगेच सासूबाईंना फोन लावून सांगितलं की पानं वाढतायत. त्या म्हणाल्या, पाणी मारतोयस का? ओलं नको करूस रे.

फोन ठेवला. जरा नाराज झालो. सांगायला जावं तर हे.

मंगळवार, १९ मार्च

काही पानं पिवळी. काढून टाकली. उरली ६४०. प्रत्येक मालात थोडा कच्चा माल असतोच, तो आधी निघून गेलेला बरा.

डारिंका म्हणते, फ्रिजमधून वास येतो. मी म्हटलं, चीजचा. तिने चीज बाहेर काढलं. वास गेला नाही. मी म्हटलं, चीजने मागे ठेवलेला असेल. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. तीस वर्षांच्या संसारात मला हे बघणं अजून पचलेलं नाही.

शुक्रवार, २२ मार्च

पानांच्या कडा बुळबुळीत. ३१० ग्रॅम. दिवसभर विचार केला. निदान: थंडी कमी पडते. गिऱ्हाइकांना मी हेच सांगत आलो, थंडीत कंजूषपणा करू नका. बटण शेवटच्या आकड्यावर नेलं आणि परात वरच्या फळीवर, अगदी मागच्या भिंतीला लावून ठेवली. आता काळजी नाही.

शनिवार, २३ मार्च. सकाळी ७

यश. पानं ताठ! हात लावला की खडखड वाजतात. डारिंकाला झोपेतून उठवून ऐकवलं. ती म्हणाली, लुडविक, बर्फ झालाय त्याचा. मी म्हटलं, यालाच कुरकुरीत म्हणतात. वरच्या फळीवरचं दूधही कुरकुरीत झालं होतं, ते सोडा.

सकाळी ११

पानं वितळली. वर्णन करत नाही.

रविवार, २४ मार्च

९५ ग्रॅम. एका माणसाला पुरेल, त्याला भूक नसेल तर.

आज झावळ्यांचा रविवार, पाम संडे. चर्चमधून येतो तोच सासूबाईंचा फोन. सामान बांधायला घेतलंय, भांडी कोणाला द्यायची हे ठरवताहेत. मग हळूच विचारलं, पानं कशी आहेत? मी म्हटलं, एकदम झकास. हातात चर्चमधून आणलेली आशीर्वादाची डहाळी तशीच होती. ती खाली ठेवून मग खोटं बोलायला हवं होतं.

मला लाज वाटत नाही असं नाही. पण सांगायचं तरी काय? त्या बाईने दुखऱ्या गुडघ्यांनी दोन दुपारी घालवल्या आणि मी तेरा दिवसांत सगळं नासवलं, हे फोनवर बोलण्यासारखं आहे का? समोरासमोर सांगेन. प्रसंग बघून.

गुरुवार, २८ मार्च

सगळं ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. वरून वर्तमानपत्र घातलं, शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून. जिना उतरताना परात कोटाखाली धरली होती. साठीला आलेला माणूस, पाला चोरल्यासारखा उतरत होतो.

वर आलो तर डारिंका रिकामा ड्रॉवर धूत होती. तिने एवढंच म्हटलं, "आता आईला तू फोन कर." मी म्हटलं, हॅम शिजवून होऊ दे. हॅम शिजलं. मग म्हटलं, पोटित्साचं, ईस्टरच्या गोड रोलचं, पीठ फुगू दे. तेही फुगलं. मग तिने विचारायचं सोडून दिलं.

शुक्रवार, २९ मार्च

बाजारात गेलो. एका बाईकडे रेग्रात मिळालं, शेतात लावलेलं, धुऊन पुसून जुड्या बांधलेलं. मी विचारलं, यापेक्षा जरा मळकं, जुनाट दिसणारं आहे का? ती म्हणाली, तीस वर्षं बसतेय इथे, घाण माल मागणारं पहिलंच गिऱ्हाईक. तरी ९०० ग्रॅम घेतलं.

घरी येऊन जुड्या सोडल्या. डारिंकाच्या जिरॅनियमच्या कुंडीतली माती घेतली आणि एकेका रोपाच्या बुडाला बोटाने लावत बसलो. छान दिसायला लागलं. खरं सांगायचं तर सासूबाईंच्यापेक्षाही कुरणातलं वाटत होतं. तेवढ्यात वर पाहिलं तर डारिंका दारात उभी.

"लुडविक," ती म्हणाली, "आज गुड फ्रायडे आहे."

मी म्हटलं, आईच्या समाधानासाठी करतोय. हे वाक्य मलाच ऐकवेना.

पानं कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली.

रविवार, ३१ मार्च

ईस्टर. हॅम चांगलं झालंय म्हणतात. मला चव लागली नाही. पानं अजून ताजी आहेत. वर्तमानपत्राबद्दल काही लिहिण्याची इच्छा नाही.

सोमवार, १ एप्रिल. संध्याकाळ

गावी जाऊन आलो. जसं झालं तसं लिहितो.

घर जवळजवळ रिकामं. टेबल, तीन खुर्च्या आणि भिंतीवर फोटोंच्या जागी फिकट चौकोन. मी परात पुढे केली आणि म्हटलं, बघा आई, तीन आठवडे! गाडीत पाठ केलं होतं. सासूबाईंनी पानांवर हात फिरवला. म्हणाल्या, धुते मीच. मी म्हटलं, तुम्ही कशाला, मी धुतो. त्यांनी ऐकलं नाही.

सिंकपाशी उभ्या राहून तीन पाण्यांत धुतलं. मी बाजूला. पाणी काळं झालं. त्या त्या पाण्याकडे बघत राहिल्या. मग पानं निथळायला ठेवली, बटाटे घातले, अंडी कापली. आम्ही जेवलो. त्यांनी दोनदा वाढून घेतलं आणि डारिंकाला म्हणाल्या, बघ, तुझ्या नवऱ्याने टिकवलं की नाही.

माझा जीव भांड्यात पडला. लिहायला लाज वाटते, पण पडला. एवढंच नाही, मी सुरूही झालो. तापमान, हवेतला ओलावा, दार उघडण्याची शिस्त. डारिंका उठून अंगणात निघून गेली.

ती गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडची माती लाल आहे, लुडविक."

मी काटा खाली ठेवला.

"कधी टाकलंस?"

"गुरुवारी," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हटलं, आई, मला ईस्टरला तुम्हाला खूष करायचं होतं. त्या म्हणाल्या, माहिती आहे. टेबलावरचे अंड्यांचे तुकडे गोळा करून हातात घेतले, आशीर्वादाचं अन्न फेकायचं नसतं म्हणून. मग त्या हाताकडे बघतच बोलल्या.

"त्या रविवारी मी बटाटे उकडून ठेवले होते रे. तिघांचे. वाटलं होतं, बसाल. तू परात उचललीस आणि गाडी सुरू केलीस."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

"तू केवढा उत्साहात होतास."

बटाट्यांचं काय केलंत, हे मी विचारलं नाही. दोन दिवस एकटीनेच खाल्ले असणार.

परतताना गाडी डारिंकाने चालवली. कुरणाच्या कडेने गेलो. सगळं पिवळं झालं होतं.

मंगळवार, २ एप्रिल

सासूबाईंना वृद्धाश्रमात सोडलं. खोली बरी आहे. खिडकीतून पार्किंग दिसतं. डारिंका कपाट लावत होती, मी दोन्ही सूटकेस घेऊन कॉरिडॉरमध्ये उभा. तिथल्या बाईंनी विचारलं, हे कोण?

सासूबाई म्हणाल्या, माझा जावई. फ्रिजमधलं फार कळतं त्याला.

टोमणा होता की कौतुक, चेहऱ्यावरून कळेना. बाईंचा चेहरा खुलला. म्हणाल्या, बरं झालं, आमच्या पँट्रीतल्या फ्रिजमध्ये भाजी टिकतच नाही, जरा बघता का?

मी म्हटलं, "मला त्यातलं काही कळत नाही."

बाई गोंधळून सासूबाईंकडे बघायला लागल्या. सासूबाईंनी माझ्या हातातली लहान सूटकेस काढून घेतली आणि त्यांना म्हणाल्या, "जरा लाजतो तो."