कांस्यपदकाची आणि पंधरा वह्यांची विल्हेवाट

मी, भागोजी तानू गोताड, वय एकाहत्तर, राहणार रत्नागिरी, हे मृत्युपत्र राजीखुशीने करीत आहे. माझी अक्कल जागेवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मुष्टियोद्धा म्हटल्यावर डॉक्टरांनी माझं डोकं दोनदा तपासलं आणि इतकं शाबूत कसं, म्हणून नवल केलं. त्याचं कारण कलम चारमध्ये येईल. हात मात्र कापतो, म्हणून मी सांगतोय आणि माझी नात नम्रता लिहून घेते आहे. जिला द्यायचं तिच्याच हातून लिहून घेऊ नका, असं वकील म्हणाले. पण वकिलांचं अक्षर मला वाचता येत नाही.

कलम १. रत्नागिरीतलं चिऱ्याचं घर मुलगा दीपक, म्हणजे नम्रताचा बाप, याला. दीपक लोट्याला केमिकल कंपनीत आहे, शनिवारी घरी येतो आणि रविवारभर आम्हाला सुरक्षेचे नियम सांगतो. त्याने सुचवलेली एकही दुरुस्ती मी हयातीत केली नाही, तेव्हा त्याला भरपूर काम शिल्लक आहे.

कलम २. संगमेश्वर तालुक्यातल्या जमिनीचा माझा हिस्सा धाकटा भाऊ दादू याला. गेली तीस वर्षं त्याने बांध दरवर्षी वीतभर माझ्याकडे सरकवला. या वयात त्याला आणखी कष्ट नकोत, सगळीच घे बाबा. मात्र वाडीच्या तोंडाशी त्याने लावलेला ‘आशियाई विजेते भागोजी गोताड मार्ग’ हा बोर्ड उतरवावा. पत्रा चांगला आहे, गोठ्याला लागेल.

कलम ३. आशियाई हौशी मुष्टियुद्ध अजिंक्यपद स्पर्धेचा मी लिहिलेला इतिहास, वह्या पंधरा, नम्रताला. सन १९६३, बँकॉक, इथपासून सुरुवात आहे. कोण कुणाशी लढला, कितव्या फेरीत पडला, सगळं. यातलं निम्मं श्रेय माझा मित्र अस्लम याचं. तो आखातात होता तेव्हा अरबी पेपरांची कात्रणं पाठवायचा आणि सुट्टीवर आला की वाचून दाखवायचा. पंच कागदावर गुण लिहीत तेव्हाही चुकायचे, पुढे गुण द्यायला यंत्राची बटणं आली, मग चुका झटपट व्हायला लागल्या, हा माझ्या चाळीस वर्षांच्या संशोधनाचा निष्कर्ष. १९८० साली स्पर्धा खुद्द मुंबईत भरली, तेव्हा मी तिकीट काढून प्रेक्षकांत बसलो होतो. निवड समितीला माझी आधीची लढत अजून नीट आठवत होती. बायकांची पहिली स्पर्धा २००१ सालची. बायकाही ठोसा मारतात हे कळायला आशिया खंडाला अडतीस वर्षं लागली. आमच्या घराला अजून कळायचंय.

वह्यांत एक पान कोरं आहे. मी ज्या वर्षी भारताकडून उतरलो, त्या वर्षाचं. लोक म्हणतात, भागोजी नम्र माणूस, स्वतःबद्दल लिहीत नाही. नम्र कसला डोंबलाचा!

कलम ४. कांस्यपदक. हकिगत अशी. मी मुंबईत गोदीत नोकरीला होतो, वजन अठ्ठेचाळीस किलो. कोकणात या वजनाला तोटा नाही, पण आशियातून त्या गटात सातच जण आले होते. माझा पहिला प्रतिस्पर्धी सकाळच्या वजनात तीनशे ग्रॅम जास्त भरला आणि बाद झाला. मी बाकावर बसल्या बसल्या उपांत्य फेरीत गेलो. तिथे दुसऱ्याच मिनिटाला पंचांनी माझी दया येऊन लढत थांबवली. आणि या स्पर्धेचा रिवाज असा, की उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघांनाही कांस्य. तिसऱ्या क्रमांकासाठी लढावं लागत नाही. म्हणजे आशियात मी एकही लढत जिंकलेलो नाही.

संगमेश्वरच्या स्टँडवर उतरलो तर दादू ढोल घेऊन उभा. आई रडत होती. सांगायला तोंड उघडलं, त्यात कुणीतरी पेढा कोंबला. खोटं कशाला बोलू, गोड लागला.

आता चार महिन्यांपूर्वीचं. नम्रता राष्ट्रीय स्पर्धेत ओळीने तीन लढती जिंकली, चौथी हरली आणि पदकाशिवाय घरी आली. दीपक तिला म्हणालान, “आबांनी आशियात पदक आणलं, तुला देशात जमत नाही. पुरे झाली थेरं, ग्लोव्हज माळ्यावर टाक आणि कंपनीत फॉर्म भर.” तिने टाकले. मी समोर चहा पीत होतो. पीत राहिलो. इतकी लाज मला त्या दुसऱ्या मिनिटालाही वाटली नव्हती. पुढच्या महिन्यात राज्य संघाची निवड चाचणी आहे आणि पोरगी चार महिने सरावाला फिरकलेली नाही.

तेव्हा सदर पदक

(इथून पुढचं वाकडं अक्षर माझं. लेखनिकेने पेन खाली ठेवलंन.

“आबा, एकही नाही?”

“एकही नाही.”

“आणि मी तीन.”

“तीन. त्यातली दुसरी तर काय मारलीस गो!”

ती ताडकन उठून उभी राहिली. वाटलं, आता मलाच एक ठेवून देते. मग शिडी लावलीन, माळ्यावर चढली, ग्लोव्हजवरची कोळिष्टकं झटकलीन आणि चप्पल न घालताच सरावाच्या हॉलवर पळाली.)

तेव्हा सदर पदक कुणालाही देऊ नये. भंगारात घालावं. कोऱ्या पानावर वरील हकिगत नम्रताने सुवाच्य अक्षरात उतरवावी.

कलम ५. मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचायचं असतं म्हणे. चाचणीची तारीख माझ्या मरणासाठी थांबणार नाही. म्हणून आज शनिवारी दीपक एसटीतून उतरून घरात आला तसे हे कागद त्याच्या हातात दिले. म्हटलं, आत्ताच वाच, मला जिवंतपणी तुझं तोंड बघायचंय.

दीपकने उभ्यानेच वाचलंन. मग खाली बसून पुन्हा वाचलंन. या खेपेला घराचं कलम सोडून.

“चाचणी किती तारखेला आहे?” म्हणालान. “मला रजा टाकायला लागेल.”

येणेप्रमाणे मृत्युपत्र लिहून वाचून सही केली.

(सही) भागोजी तानू गोताड

साक्षीदार:
१. अस्लम इब्राहिम मुकादम (सही)
२. मृणाली शिगवण, बॉक्सिंग प्रशिक्षक (सही, हॉलवर जाऊन तिघांनी एकमेकांसमक्ष केली)

स्थळ: रत्नागिरी
दिनांक: ८ नोव्हेंबर २०२५